गंज्याचं ताट

खाप्याहून कुत्र्याचं पिल्लू आणण्यात बाबनराव पौनीकरांचा फायदा किती, ते आधी पाहू. खानावळीतली हाडं घरच्या घरी संपतील, हा एक. मागच्या बोळात रात्रीबेरात्री येऊन बसणाऱ्या टोळक्यावर कोणीतरी भुंकेल, हा दुसरा. हे दोन त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितले. तिसरा सांगितला नाही. पण आम्ही त्यांच्याकडे रोज दुपारी जेवणारी माणसं. न सांगितलेलंच आम्हाला आधी दिसतं. बायको आणि सून एकमेकींकडे रागाने पाहून थकल्या की दोघी बाबनरावांकडे पाहायच्या. मध्ये चार पायांचं काहीतरी आलं तर दोघींची नजर तिकडे जाईल आणि आपण सुटू, असा तो बेत होता.

नजर तिकडे गेली, इथवर बेत बरोबर निघाला.

बाबनरावांची सावजी खानावळ तांडापेठेत. समोरच्या खोलीत त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली, टेबलं मांडली आणि विणणारं घर रांधणारं झालं. नाव बाबनरावांचं, पण चव जनाबाईंची. त्यांच्या रश्श्याने माणसाच्या नाकातून, डोळ्यांतून आणि कानामागून एकदम पाणी येतं आणि तरी तो आणखी वाढा म्हणतो. मात्र तीस वर्षं चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईचे गुडघे शेवटी बोलू लागले. डॉक्टरांनी उभं राहणं बंद केलं. मुलगा वैभव बुटीबोरीच्या कारखान्यात, तो काही रांधणार नव्हता. मग घरात बसून ठरलं: चूल आजपासून सुनेची, उत्तराची. आणि अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्षाचा मसाला भाजायचा असतो, तोही यंदा उत्तरानेच भाजायचा.

यातला दुसरा ठराव खरा. चुलीपुढे कोणीही उभं राहू शकतं. मसाल्यात काय, किती आणि कोणत्या क्रमाने भाजायचं, हे ज्याला माहीत त्याची खानावळ. तोपर्यंत डब्याला कुलूप होतं, किल्ली जनाबाईंच्या कमरेला होती, आणि सकाळी त्या उत्तराला वाटीने मसाला मोजून देत होत्या. वाटी भरल्यावर बोटाने वरचा ढीग परत डब्यात सारत.

ठराव झाला आणि जनाबाईंना दुसऱ्याच दिवशी पश्चात्ताप झाला. पण दिलेला शब्द मोडायला कारण लागतं. कारण खाप्याहून आलं.

बाबनरावांच्या तिथल्या साळ्याने पिल्लू एका जुन्या गंजात फडकं घालून दिलं होतं. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात, म्हणून त्याचं नाव गंज्या. बदामी रंग, एक कान उभा, एक पडका. आला तेव्हा असा जेवायचा की जर्मनचं हलकं ताट चाटत चाटत खोलीभर ढकलत न्यायचा. जेवणाऱ्यांच्या पायांखालून ताट फिरे आणि आम्ही पाय वर घेऊन जेवत असू. तो सहा-सात महिन्यांचा झाला, ऊन तापलं, आणि एके दिवशी त्याने भात हुंगला, मागे फिरला आणि बुजवलेल्या खड्ड्यावरच्या थंड फरशीवर जाऊन पडला. संध्याकाळी मात्र सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं, संध्याकाळी काहीच नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ताट पुन्हा खोलीभर.

"काहून वं उत्तरा," जनाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "आज काय टाकलं होतं त्याच्या भातात?"

"काही नाही, आई. भात, मटण उकडलेलं पाणी, चिमूटभर हळद. काल होतं तेच."

"काल तं खाल्लं ना त्यानं. आज काहून नाही खाऊन राहिला?"

"त्याले विचारा."

"त्याले बोलता आलं असतं तं त्यालेच विचारलं असतं. म्हणून तुले विचारून राहिली."

कोपऱ्यातल्या टेबलावर संघपाल जेवत होता. तो कळमन्याला मिरचीच्या अडतीवर असतो आणि या घरची वर्षाची मिरची त्याच्याच हातून येते. त्यामुळे अखजीला ऑर्डर सासूकडून घ्यायची की सुनेकडून, यात त्यालाही रस होता. तो म्हणाला, "काकूजी, मीठ नाही, तिखट नाही, पाण्यात उकडलेलं. त्याच्यात हाताची चव येईन कुठून?"

"हात तं तोच ना गा. चव हाताले असते, मिठाले नसते."

"अशानं तं दवाखान्यातल्या खिचडीलेही..."

"तू जेव."

संघपाल जेवू लागला. पण शब्द पडला तो पडला. ज्या जेवणात मीठ नाही, मिरची नाही, जिऱ्याचा दाणा नाही, त्यावरून सावजी खानावळीची चूल कोणाकडे राहावी याचा निवाडा सुरू झाला. आणि न्यायाधीश कोण, तर ज्याला आपलंच शेपूट अजून सापडलं नव्हतं तो.

याहून मोठा जाच झाला तो जनाबाईंच्या नियमाचा. त्यांच्या घरात चूल जिच्याकडे ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. गिऱ्हाईक, घरचे, दारचे, सगळे जेवले की मग ती. हा नियम त्यांनी स्वतः तीस वर्षं पाळला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त आता "दारचे" यात गंज्या धरला गेला.

"कुत्र्याले कायले धरते त्याच्यात?" बाबनराव एकदा बोलून गेले.

"त्यालेच आधी धरायचं. माणूस मागून खाते. मुक्या जिवानं कोणाले मागावं?"

उत्तरा उमरेडची, अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. तिने वाद घातला नाही. गंज्या जेवला की ती जेवायची. नाही जेवला की दुपारचे चार वाजेपर्यंत भांडी घासत, पुसत, परत घासत राहायची. मग जनाबाई मोठ्या मनाने म्हणत, "जाय, खाऊन घे आता. तो काही खात नाही तुयाच्या हातचं." परवानगीचा घास आणि तोही असा वाढलेला. आम्ही पाहत होतो. पाहण्याखेरीज काही करत नव्हतो, हेही खरं. दोन बायकांच्या मध्ये पडणाऱ्याचं पुढचं जेवण कुठे होणार?

मग त्याला खाऊ घालण्याची मोहीम निघाली. भातावर साजूक तूप घातलं. तूप चाटलं, भात ठेवला. दही घातलं, दह्याचं तसंच. अंडं उकडून दिलं ते तीन दिवस आवडलं आणि चौथ्या दिवशी अंड्याकडे पाहून त्याने आमच्याकडे पाहिलं, जणू हे कोणी मागवलं. कोंबडीची कलेजी आणली. ज्वारीची आंबील पातळ करून पाहिली. बाबनराव फरशीवर मांडी घालून बसले आणि घास करून त्याच्या तोंडापाशी नेऊ लागले. "एक हा वैभवचा. एक हा तुयाच्या खाप्याच्या मामाचा." स्वतःच्या मुलाला त्यांनी असं कधी भरवलं नव्हतं, वैभवने हे रविवारी डोळ्यांनी पाहिलं आणि मोबाइल काढून पाहत बसला. गंज्या मामाचा घास घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि बाबनरावांच्या मांडीवर ठेवायचा.

कुत्र्याचा यात तोटा कुठेच नव्हता. नाही म्हटलं की तूप येतं, पुन्हा नाही म्हटलं की अंडं, त्यावरही नाही म्हटलं की माणूस जमिनीवर बसतो. त्या घरात नाही म्हणून इतकं मिळवणारा तो पहिलाच. उत्तराने तर आजवर फक्त हो म्हटलं होतं, आणि तिला काय मिळालं ते वर सांगितलंच आहे.

शेवटी उत्तराच म्हणाली, "बाबा, याले डॉक्टरले दाखवू." ती स्कूटर चालवत पुढे, बाबनराव मागे, मध्ये गंज्या, असं तिघं धरमपेठेत जनावरांच्या डॉक्टर भावना मॅडमच्या दवाखान्यात गेले. तिथे काय झालं ते बाबनरावांनी आम्हाला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं, म्हणून खरं धरायला हरकत नाही. गंज्याने तिथे टेबलावर ठेवलेली बिस्किटं खाल्ली, शेजारच्या गुबगुबीत कुत्र्याच्या पिशवीत तोंड घातलं आणि भावना मॅडमच्या हाताला लागलेलं काहीतरी चाटून घेतलं.

"वजन छान आहे," मॅडम म्हणाल्या. "दात नवे आलेत, पोट मऊ आहे. याला काही झालेलं नाही. ऊन आहे, आणि या वयात वाढ मंदावते, भूक कमी-जास्त होते. तुम्ही त्याला हाताने भरवता का?"

बाबनरावांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"आणि ताई, तुमचा चेहरा असा काय उतरलाय? तुम्ही वेळेवर जेवता ना?"

"हा जेवला की जेवतो," उत्तरा म्हणाली.

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली आणि पेन खाली ठेवलं. मग सांगितलं: ताट ठेवायचं. पाव तास वाट पाहायची. खाल्लं तर खाल्लं. नाही तर काही न बोलता ताट उचलून घ्यायचं. पुढच्या जेवणापर्यंत मध्ये काही नाही. तूप नाही, अंडं नाही, मामा नाही. एक-दोन दिवसांत वळणावर येईल. सलग दोन दिवस काहीच नाही खाल्लं किंवा मलूल दिसला, तरच परत आणा.

यात औषध नव्हतं, इंजेक्शन नव्हतं. पण घरी येऊन सांगितलं तेव्हा जनाबाई खुर्चीवरून उठल्या, गुडघ्यांसकट.

"समोरचं ताट ओढायचं?"

"ओढायचं नाही, आई. उचलायचं."

"खाणारा समोर बसून आहे अन् ताट उचलायचं! या घरात आजपावेतो कोणाचं उचललं काय? दारू पिऊन येते तो, ताटावर झोपते, घोरते, तरी त्याचं ताट तसंच राहते. तो उठल्याशिवाय हात नाही लावत कोणी. हे शिकाले कॉलेजात गेली होती ती डॉक्टरीण?"

यात त्यांची चूक म्हणावी तर आम्हीही तिथलेच. समोरचं ताट उचलणं म्हणजे माणसाला दारातून घालवणं, हे आम्हालाही लहानपणापासून माहीत. संघपालसुद्धा काकूजींच्या बाजूचा झाला. खानावळ चालवणाऱ्या घराला तर हे हाडातच असतं. धंदा तिखटावर चालतो की अगत्यावर, हे त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. म्हणून ताट पडून राहिलं. सकाळचा भात दुपारी वाळला, त्याच्यावर माश्या बसल्या, गंज्या मधूनच येऊन एक शीत उचलायचा आणि जायचा. जेवला म्हणावं तर ताट भरलेलं, नाही म्हणावं तर तोंड चालू. आणि त्या ताटाकडे पाहत उत्तरा उभी.

अखजी चार दिवसांवर आली तेव्हा संघपालने हात धुता धुता विचारलं, "मिरची कोणती आणू? अन् सांगणार कोण?"

जनाबाईंनी याचीच वाट पाहिली होती. "मी सांगतो. यंदा मसाला मीच भाजतो. जिच्या हातचं कुत्रं खात नाही तिच्या हातचा मसाला वर्षभर लोकायच्या पोटात घालू काय?"

बाबनराव गल्ल्यावर होते. त्यांनी गल्ल्यात काहीतरी शोधायला घेतलं, आणि ते सापडू नये याची काळजी घेतली. उत्तरा पोळीचं पीठ मळत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर आली.

"ठीक आहे, आई. मसाला तुमचा तं चूलही तुमचीच. उद्या तुम्ही रांधा. गंज्याचंही तुम्हीच करा."

"करीन ना. तीस वर्सं केलं."

"अन् चूल तुमची म्हटल्यावर," उत्तरा तितक्याच हळू म्हणाली, "तो जेवल्यावर तुम्ही जेवा."

आम्ही सगळ्यांनी आपापल्या ताटाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी खानावळीत नेहमीपेक्षा गर्दी. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, असं प्रत्येकजण म्हणाला. जनाबाईंनी स्टूल घेऊन चुलीशी बसून रांधलं आणि रस्सा असा उतरला की बोलणंच बंद झालं. हात तो हात, यात शंका नाही. मग त्यांनी गंज्याचा भात कालवला. तोच तांदूळ, तेच मटणाचं पाणी, तीच हळद. स्वतः वाकून ताट ठेवलं. "खाय, माह्या राजा."

गंज्याने हुंगलं. शेपूट दोनदा हलवलं, ते बहुधा आदराने. आणि फरशीवर जाऊन पडला.

"ऊन आहे," जनाबाई म्हणाल्या.

"कालही होतं," संघपाल म्हणाला.

"तू जेव."

"जेवलो, काकूजी. पान खाऊन राहिलो."

दीड वाजला, दोन वाजले. गिऱ्हाईक उठलं, पण पुष्कळजण गेले नाहीत. बडीशेप चघळत बसले. जनाबाई खुर्चीवर, ताट समोर, ताटापलीकडे गंज्या. सकाळी सहाचा चहा सोडला तर त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी त्याला पुचकारलं, मग ओरडल्या, मग पुन्हा पुचकारलं. एकदा खाली बसायला गेल्या, पण गुडघ्यांनी नाही म्हटलं. उत्तराने मध्ये येऊन विचारलं, "अंडं उकडू का त्याले?" आणि जनाबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती परत आत गेली. पण अंड्याचा शब्द गंज्याने ऐकला होता. तो उठून बसला, ताटापलीकडे, जनाबाईंपलीकडे, सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागला.

तिथे जनाबाईंचं काहीतरी तुटलं.

"अंडं पायजे? माह्या हातचा भात समोर आहे अन् याले अंडं पायजे?" त्या उठल्या. वाकल्या. दोन्ही हातांनी ताट उचललं. "नाही खायचं ना? मंग जाय! उठ! तीन तासापासून बसून आहो मी उपाशी, अन् हा माह्यासमोर मेन्यू पाहून राहिला!"

ताट घेऊन त्या आत गेल्या, ते फ्रिजमध्ये आदळलं, दार लावलं. मग आम्ही आतून पोळी मोडल्याचा आवाज ऐकला. त्या जेवायला लागल्या होत्या. उभ्या-उभ्याच सुरुवात केली असावी.

बाबनरावांचा हात गल्ल्यात तसाच राहिला. गंज्या ताट होतं त्या जागेपाशी आला. फरशी हुंगली. फरशीच्या बाजूची फरशी हुंगली. मग बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर आम्हाला विचार दिसला.

संध्याकाळी सातला, आम्ही निकाल पाहायला पुन्हा हजर असताना, उत्तराने फ्रिजमधून तेच ताट काढलं. तोच भात, थोडं कोमट पाणी घालून मोकळा केला, एवढंच. खाली ठेवला आणि मागे सरली. ताट खोलीभर फिरलं. आम्ही पाय वर घेतले.

आता हे खाल्लं कोणाच्या हातचं? संघपालने प्रश्न काढलाच. "रांधलं काकूजीनं, वाढलं वहिनीनं. अन् दुपारी तं काकूजीच्याही हातचं नाही खाल्लं. मंग मिरचीचं कोणाले विचारू? आता तं मसाला भाजाले या घरात कोणीच लायक नाही राहिलं."

जनाबाईंच्याच साक्षीदाराने त्यांच्यावर साक्ष फिरवली होती. माघार घ्यायला जागा नव्हती. जागा उत्तराने करून दिली. ती पोरगी बारीक बोलते, पण नेम पक्का.

"आई, खाल्लं ते तुमच्यामुळंच. मी उचलू शकली नसती. तुम्ही उचललं म्हणून त्याले समजलं. डॉक्टरनं सांगितलेलं फक्त तुमच्याच्यानं झालं."

जनाबाईंनी हे वाक्य नीट चावून घेतलं. चव आवडली असावी. "मी हेच म्हणून राहिली होती इतके दिवस," त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सातच्या गर्दीत जागा सोडायची नव्हती.

अखजीला मसाला उत्तराने भाजला. जनाबाई शेजारी खुर्चीवर बसून क्रम सांगत होत्या आणि तो सांगताना दार आतून लावलं होतं, त्यामुळे त्यात काय पडलं ते आम्हाला आजही माहीत नाही. फक्त शिंका मोजता आल्या. मिरचीची ऑर्डर उत्तराने दिली आणि घासाघीस अशी केली की संघपाल म्हणाला, यापेक्षा काकूजी बऱ्या होत्या.

तर जमाखर्च असा. उत्तराला मसाला मिळाला. त्यासाठी तिने कितीतरी दुपारी उपाशी काढल्या, तेव्हा तिचा नफा फार नाही. गंज्याला भूक मिळाली आणि त्याचं मामांचं राज्य गेलं. हे त्याने समजूतदारपणे घेतलं. जनाबाईंची किल्ली गेली, एक दुपार पोटात आग पडली, पण त्यांना ताट उचलता येतं हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि ज्याला उशिरा काही कळतं तो ते वापरल्याशिवाय राहत नाही. गिऱ्हाइकाचं ताट त्या उचलत नाहीत. तेवढा धंदा त्यांना अजून कळतो. गंज्याचं उचलायचं कारण राहिलं नाही. राहिलं घरात एकच माणूस.

बाबनराव दुपारी तीनला जेवतात. एक घास खातात, मग आमच्याशी बोलतात. पाणी पितात. मग मोबाइल पाहतात.

"अवं," ते परवा ओरडले, "मी जेवून राहिलो ना!"

"बोलून राहिले होते," जनाबाई म्हणाल्या आणि ताट आत नेलं. त्यात अर्धी पोळी होती आणि मटणाचे तीन तुकडे, चांगले. हातातला घास तेवढा बाबनरावांनी खाल्ला आणि हात धुवायला उठले.